खानदेशातील नाट्यप्रेक्षकाची जडणघडण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मराठी रंगभूमीचा इतिहास प्रामुख्याने नाटककार, नट आणि नाटक मंडळ्या यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. कोणते नाटक केव्हा रंगभूमीवर आले, कोणत्या नटाने कोणती भूमिका गाजवली, कोणती मंडळी केव्हा स्थापन झाली व केव्हा मोडली, याच्या नोंदी विपुल आहेत. ते नाटक पाहावयास कोण आले, कशासाठी आले आणि पुढे येईनासे का झाले, या प्रश्नांकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले. मुंबई-पुण्याबाहेरील प्रदेशांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. खानदेशात नाट्यगृहे उभी राहिली, स्पर्धा झाल्या, होतकरू कलावंत पुढे आले. तरीही 'स्थानिक नाटकाला प्रेक्षक नाही' ही तक्रार कायम राहिली.

या तक्रारीत एक गृहीतक दडलेले आहे. खानदेशी माणसाला नाटकाची आवड नाही, ती त्याच्यात निर्माण करावी लागेल, असे त्यात मानले जाते. प्रस्तुत निबंधात हे गृहीतक इतिहासाच्या आधारे तपासून पाहिले आहे. विधिनाट्य, फिरत्या नाटक मंडळ्या, तमाशा आणि हौशी रंगभूमी या चार टप्प्यांतून खानदेशातील प्रेक्षक कसा घडत व बदलत गेला, याचा येथे मागोवा घेतला आहे. 'खानदेश' या संज्ञेत जुन्या खानदेश जिल्ह्याचा प्रदेश अभिप्रेत आहे. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले; पुढे त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

विधिनाट्य : प्रेक्षक आणि यजमान

या अभ्यासाच्या दृष्टीने पिंपळनेरचे स्थान महत्त्वाचे आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये पिंपळनेर हा जिल्ह्याचा एक उपविभाग म्हणून नोंदलेला आहे. पुढे तालुक्याचे ठिकाण साक्री झाले. पांझरेच्या काठी वसलेले हे गाव सपाटी आणि सह्याद्रीचा डोंगरपट्टा यांच्या सीमेवर आहे. पूर्वेकडे अहिराणी बोलणारी शेतकरी गावे, तर पश्चिमेकडे कोकणा, भिल्ल, मावची यांची वस्ती. त्यामुळे नाट्याच्या दोन भिन्न परंपरा या परिसरात एकमेकींच्या शेजारी नांदल्या.

डोंगरपट्ट्यातील कोकणा समाजात भवाड्याची परंपरा आहे. साक्रीचा पश्चिम भाग, नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा-पेठ-कळवण आणि गुजरातेतील डांग असा तिचा विस्तार आहे. सुगी आटोपल्यावर, पावसाळ्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत, देवदेवतांचे व दैत्यांचे मुखवटे धारण करून रात्रभर सोंगे नाचविली जातात. संबळ आणि सनईसारखे सूरवाद्य यांच्या तालावर एकेक सोंग येते, नाचते आणि जाते. अनेक ठिकाणी विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे परंपरेने चालत आलेले असते. खर्चासाठी गावातून वर्गणी गोळा होते आणि शेजारच्या गावांतील सोयरेधायरे पाहुणे म्हणून येतात. सपाटीवरील गावांत वहीगायन, भारुडे, सोंगे यांतून नाट्याची हौस भागविली जात असे. नंदुरबार-नवापूरकडे रोडाली व सोंगाड्या पार्टी यांनी हेच कार्य केले.

या परंपरांचा विचार बहुधा कलाप्रकार म्हणून केला जातो. प्रेक्षकाच्या अंगाने पाहिल्यास त्यांतील तीन गोष्टी नजरेत भरतात. पहिली, प्रयोगाचा काळ शेतीच्या कालचक्राशी बांधलेला होता. तो केव्हा होणार हे गावाला कोणी कळवावे लागत नसे. दुसरी, पाहणाऱ्याचा खर्चात आणि मानपानात वाटा होता. सोंग घेणारा मुलगा, भाचा किंवा शेजारी असे. म्हणून पाहणारा हा त्या प्रयोगाचा यजमानही असे. तिसरी, भाषा रोजच्या बोलण्यातील होती. प्रेक्षक जमविणे हा स्वतंत्र उद्योग येथे नव्हता, कारण प्रेक्षक आणि प्रयोग यांच्यात अंतरच पडलेले नव्हते. अर्थात या यजमानपणाला जातीच्या, समाजाच्या व स्त्री-पुरुष भेदाच्या मर्यादा होत्या. सोंगे बहुशः पुरुषच घेत. स्त्रिया पाहणाऱ्यांत असत.

रेल्वे, तिकीट आणि नवा प्रेक्षक

सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' सादर केले ते चिंतामणराव पटवर्धन यांच्या राजाश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले आणि तो आश्रय संपला. त्यानंतर भावे यांच्या मंडळीला गावोगाव फिरून लोकांपुढे खेळ करावे लागले; १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे झालेले हे संक्रमण मराठी प्रेक्षकाच्या इतिहासातील निर्णायक घटना होय. तिकीट विकत घेणाऱ्या माणसाला नाटक नापसंत करण्याचा हक्क मिळाला.

हा नवा प्रेक्षक खानदेशात घडविण्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या मार्गाने १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे शाखा सुरू झाली आणि त्याच सुमारास तापी खोऱ्यातील मार्गाने नंदुरबार व अमळनेर ही गावे सुरतेशी जोडली गेली. पडदे, पेट्या, वाद्ये आणि साठ-सत्तर माणसांचा संसार घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना रेल्वेमुळे खानदेश व वऱ्हाड हा कापसाच्या व्यापाराने संपन्न झालेला मुलूख जवळ आला. व्यापारी, वकील, सरकारी नोकर आणि शिक्षक हा या नाटकांचा मुख्य आश्रयदाता वर्ग होता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि पुढील अर्धशतकात नाट्यपदांनी या वर्गाच्या घरात प्रवेश केला. बालगंधर्वांच्या लुगड्यांचे व केशरचनेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या, यावरून स्त्री-प्रेक्षक किती लक्षपूर्वक नाटक पाहत होती याची कल्पना येते. स्वतः बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) बालपणाचा काही काळ जळगावात गेला होता आणि गायनाचे प्राथमिक धडेही त्यांनी तेथेच घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव देऊन शहराने हे नाते जपले आहे.

नाट्यगृहातील जमाव हा राजकीय अर्थानेही 'जनता' बनत होता, याची जाणीव शासनाला फार लवकर झाली होती. १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा या जाणिवेतूनच आला. खानदेशालगतच्या नाशिकात २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाप्रसंगी जिल्हाधिकारी जॅक्सन यांची हत्या झाली. पुढील महिन्यात कृ. प्र. खाडिलकर यांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली. नाटक पाहणारा समूह एकाच वेळी हसतो, चिडतो आणि विचार करू लागतो, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते.

तथापि, या टप्प्याची एक मर्यादा स्थानिक रंगभूमीच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरते. नाटक आले ते बाहेरून आले आणि मुक्काम संपताच निघूनही गेले. खानदेशातील नागर प्रेक्षक उत्तम नाटकाचा जाणकार झाला. परंतु उत्तम नाटक म्हणजे बाहेरून येणारे नाटक, अशी त्याची धारणा बनत गेली. लोहमार्गापासून दूर राहिलेल्या पिंपळनेरसारख्या गावांना तर हे नाटक पाहण्यासाठी धुळ्यासारखे ठिकाण गाठावे लागे. नाटक पाहणे ही शहरात जाऊन करण्याची गोष्ट झाली. गावातील भवाडा व सोंगे यांना 'नाटक' म्हणण्याची सुशिक्षितांची रीत राहिली नाही. स्थानिक नाट्याविषयीच्या अनास्थेचे मूळ या विभागणीत शोधावे लागते.

१९३१ मध्ये बोलपट आला. पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट प्रदर्शित झाला आणि अनेक नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. मोठ्या मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. १९४३ मध्ये सांगलीत मराठी रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव झाला, तो अशा पडत्या काळात. १९४४ मध्ये धुळे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 'सत्तेचे गुलाम' व 'सोन्याचा कळस' यांचे कर्ते मामा वरेरकर यांना मिळाले. नाटककाराचा हा गौरव ज्या शहरात झाला, त्या शहरातही नाटकाची जागा बोलपट घेत होता. फिरत्या मंडळ्यांवर विसंबलेला प्रेक्षक त्या मंडळ्या मोडताच पोरका झाला.

यात्रा आणि तंबू

याच काळात खानदेशातील एक प्रेक्षकवर्ग मात्र बोलपटापुढेही टिकून राहिला. तो तमाशाचा होय. भिका-भीमा सांगवीकर, भीमा-नामा अंजाळेकर, आनंद लोकनाट्य यांसारख्या फडांनी खानदेशी तमाशाचे स्वतंत्र वळण निर्माण केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर काही काळ निर्बंध घातले. ते उठल्यावर 'लोकनाट्य' या नावाने फड पुन्हा उभे राहिले. दसऱ्यापासून वैशाखापर्यंतचा हंगाम, सारंगखेड्याच्या दत्तयात्रेसारख्या मोठ्या व गावोगावच्या लहान यात्रा, कधी गावाने दिलेली सुपारी तर कधी तंबूतील तिकीट, असे या व्यवसायाचे अर्थकारण होते.

गण, गौळण, बतावणी, वग या क्रमातील बतावणी आणि वग हे प्रेक्षकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होत. सोंगाड्याचा विनोद गावचा पाटील, सावकार, तलाठी, भाव पडलेला कापूस यांना स्पर्श करीत असे आणि तो बोलीतून येत असे. ज्या गावात खेळ असेल त्या गावच्या घटना त्या रात्रीच्या बतावणीत शिरत. येथे फड बाहेरचा असला तरी विषय गावचा असे. भवाड्यातील यजमानपणाचा काही अंश गावाने दिलेल्या सुपारीत शिल्लक राहिला होता.

या प्रेक्षकवर्गालाही मर्यादा होती. तंबूतील प्रेक्षक प्रामुख्याने पुरुष होता. कलावंत स्त्रियांना लोकप्रियता मिळाली, प्रतिष्ठा मिळाली नाही. शिक्षित वर्गाने तमाशा पाहिला तरी तो पाहिल्याचे सांगितले नाही. मार्च २०२० मध्ये ऐन यात्रांच्या दिवसांत टाळेबंदी लागू झाली आणि सलग दोन हंगाम वाया गेले, तेव्हा या व्यवसायामागे कोणतीही संस्थात्मक आधारव्यवस्था नाही हे स्पष्ट झाले.

स्पर्धा, सभागृह आणि रिकाम्या खुर्च्या

महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीच्या आगेमागे सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने मराठी हौशी रंगभूमीला मोठे बळ दिले, याविषयी दुमत नाही. मुंबई-पुण्याबाहेरील लेखक, दिग्दर्शक व नट यांना तिने रंगमंच मिळवून दिला आणि स्त्री-कलावंतांचा सहभाग प्रतिष्ठित केला. जळगावात मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरात प्रताप महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे १९४५ च्या सुमारास खानदेशात उच्च शिक्षणाचा विस्तार सुरू झाला होता; महाविद्यालयीन स्नेहसंमेलने व एकांकिका यांतून हौशी नटांची पिढी तयार झाली. १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या 'युवारंग' महोत्सवाने ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही रंगमंचावर आणले.

परंतु स्पर्धेने कलावंत घडविले तितक्या प्रमाणात प्रेक्षक घडविला नाही. यामागील कारण स्पर्धेच्या रचनेतच आहे. वर्षातून एकदा, ठरलेल्या केंद्रावर, सलग काही दिवस प्रयोग होतात; त्यांचे प्रमुख श्रोते परीक्षक असतात. बहुतेक नाटकांचा पहिला प्रयोग हाच शेवटचा ठरतो. महिनोन्‌महिने तालीम केलेले नाटक त्याच गावात पुन्हा पाहावयाचे म्हटले तर पाहता येत नाही. चांगल्या नाटकाची ख्याती तोंडोतोंडी पसरावयास आठवडा लागतो, तोपर्यंत नेपथ्य उतरलेले असते. सभागृहात बसलेले बहुतांश लोक अन्य संघांतील कलावंत किंवा त्यांचे आप्त असतात. विषयाची निवडही परीक्षकांची अभिरुची डोळ्यांपुढे ठेवून होऊ लागते आणि प्रमाण भाषेतील, महानगरी जीवनावरील संहिता पसंत केली जाते. अशा स्थितीत साक्री किंवा पारोळ्याच्या शेतकऱ्याने ते नाटक पाहावयास यावे, ही अपेक्षा रास्त ठरत नाही.

सभागृहांच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. जळगावचे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह ही खानदेशाची खरी गरज होती. परंतु मोठ्या सभागृहाचे भाडे हौशी संस्थेला दरमहा परवडणे कठीण असते. सभागृह प्रेक्षकाला बसावयास जागा देते. त्याला घरून निघण्याचे कारण नाटकालाच द्यावे लागते.

दोन तुलना : झाडीपट्टी आणि हेग्गोडू

स्थानिक रंगभूमीला स्थानिक प्रेक्षक मिळणे मुळात शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर दोन उदाहरणांतून मिळते. पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमी आजही व्यावसायिक पायावर उभी आहे. देसाईगंज-वडसा येथील कंपन्यांना गावोगावची मंडळे नाटकासाठी बोलावतात. धान घरात आल्यानंतरचा काळ, मंडई व शंकरपट यांचे निमित्त, नाटकासाठी आलेले पाहुणे, रात्रभर चालणारा प्रयोग आणि गावच्या मंडळाने विकलेली तिकिटे असे तिचे स्वरूप आहे. पाहुण्यांच्या या मेळाव्यात सोयरिकीही ठरतात. नाटक हा तेथे गावाच्या सामाजिक जीवनाचा घटक आहे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री सन्मान मिळाला, तेव्हा या परंपरेची दखल देशपातळीवर घेतली गेली.

कर्नाटकातील हेग्गोडूचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. शिवमोगा जिल्ह्यातील या खेड्यात १९४९ मध्ये 'नीनासम' ही संस्था स्थापन झाली. के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नेतृत्वाखाली तिने नाटकाबरोबर चित्रपट मंडळ, पुस्तक प्रकाशन, नाट्यशिक्षण आणि रसग्रहण शिबिरे चालविली. १९८५ पासून 'तिरुगाट' हे तिचे फिरते पथक दरवर्षी कर्नाटकातील गावोगाव नाटके नेऊ लागले. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेक्सपिअर खेड्यात समजणार नाही, असे या संस्थेने मानले नाही. मात्र तो कन्नडमधून, नेमाने आणि चर्चेसह सादर केला.

झाडीपट्टीने जुन्या यजमानपणाचे रूपांतर व्यवसायात केले, तर हेग्गोडूने नवा यजमान शिक्षणातून घडविला. दोन्ही ठिकाणी नियमितता, स्वभाषा आणि गावाचा आर्थिक सहभाग या तीन बाबी समान आहेत. भवाड्यात आढळणाऱ्या तीन गोष्टी याच होत.

खानदेशातील अलीकडचे प्रयत्न

गेल्या काही वर्षांत जळगावात झालेले काही प्रयत्न या दृष्टीने लक्षणीय आहेत. शंभू पाटील यांच्या पुढाकाराने कार्यरत असलेल्या 'परिवर्तन' संस्थेने बहिणाबाईंच्या जीवन-काव्यावरील 'अरे संसार संसार' आणि श्रीकांत देशमुख यांच्या लेखनावर आधारित 'नली' हा हर्षल पाटील यांचा एकल प्रयोग यांसारखी निर्मिती केली. अल्प नेपथ्य, मोजके कलावंत आणि ग्रामीण जीवनाशी जोडलेला आशय यांमुळे असे प्रयोग पुनःपुन्हा आणि लहान जागेतही करता येतात. संस्थेने आपले प्रयोग महोत्सवरूपाने जळगावाबाहेरील शहरांतही नेले. बाहेरून येणाऱ्या नाटकाची वाट पाहणाऱ्या प्रदेशातून नाटक बाहेर जाऊ लागले, ही दिशा नवी आहे.

बोलीतील कलाकृतीला या परिसरात प्रेक्षक मिळतो याचा एक पुरावा रंगभूमीबाहेरही आहे. खानदेशाला लागून असलेल्या मालेगावात तेथील हौशी मंडळींनी २००० च्या सुमारास लोकप्रिय हिंदी चित्रपटांच्या विडंबनात्मक आवृत्त्या काढल्या आणि स्थानिक व्हिडिओगृहांत त्यांना मोठी गर्दी झाली. आपल्या गल्लीतील माणूस पडद्यावर, आपल्या बोलण्याच्या ढंगात पाहण्याची ओढ या गर्दीमागे होती. अहिराणी गीतांना मिळणारा प्रतिसादही हेच दर्शवितो.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. खानदेशात नाट्याची आवड नाही, हे गृहीतक इतिहासाला धरून नाही. भवाडा, वही, सोंगे व तमाशा यांना पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक लाभला आहे.

२. फिरत्या नाटक मंडळ्यांनी नागर प्रेक्षकाची अभिरुची उंचावली. त्याचबरोबर चांगले नाटक बाहेरूनच येते ही धारणाही रुजविली.

३. राज्य नाट्यस्पर्धेने कलावंत घडविले. प्रयोगांची पुनरावृत्ती नसल्याने प्रेक्षक घडविण्याचे कार्य अपूर्ण राहिले.

४. नियमित कालक्रम, बोलीचा वापर आणि प्रेक्षकाचा आर्थिक व सामाजिक सहभाग हे घटक जेथे एकत्र आले, तेथे स्थानिक नाट्य टिकले.

५. नव्या प्रयत्नांत स्त्रिया व सर्व समाजगट यांना प्रेक्षक आणि कर्ते म्हणून समान स्थान असणे आवश्यक आहे. जुन्या परंपरेचा वारसा स्वीकारताना तिच्यातील वगळणूक स्वीकारण्याचे कारण नाही.

या निष्कर्षांचा संबंध ग्रामीण महाविद्यालयांशी थेट पोहोचतो. तालुक्याच्या ठिकाणी रंगमंच, तरुण कलावंत आणि वर्षभराचे वेळापत्रक या तिन्ही गोष्टी ज्यांच्याजवळ आहेत, अशा संस्था महाविद्यालयांखेरीज फारशा नाहीत. युवक महोत्सवासाठी बसविलेली एकांकिका महोत्सवानंतर गावातील नागरिकांसमोर, अल्प तिकीट लावून, आजूबाजूच्या चार गावांत पुन्हा सादर झाली, तर तिचे आयुष्य एका प्रयोगापुरते राहणार नाही. भवाड्यातील ज्येष्ठ सोंगकरी आणि फडांतून निवृत्त झालेले कलावंत यांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण हे इतिहास व मराठी विभागांनी तातडीने हाती घ्यावयाचे कार्य आहे. हा ठेवा लिखित स्वरूपात अत्यल्प आहे आणि तो जाणणारी पिढी वृद्ध झाली आहे. पिंपळनेरच्या पश्चिमेस रात्रभर जागणारा आणि पूर्वेस बतावणीला दाद देणारा असे दोन्ही प्रेक्षक या मातीत आहेत. त्यांना पाहुणा न मानता यजमान मानण्यातूनच खानदेशच्या स्थानिक रंगभूमीला लोकाश्रय मिळू शकेल.